लंडनचें धुरकें आणि मृत्यूंची नोंदवही

मनुष्य दिवसाकाठीं जें अन्न खातो त्याचें वजन किलो-दीड किलोच्या पलीकडे सहसा जात नाहीं. पाणी तो दोन-तीन लिटर पितो. परंतु हवा मात्र तो चोवीस तासांत सुमारें दहा हजार लिटर आंत घेतो. अन्न निवडून घेतां येतें, पाणी गाळून अगर उकळून पितां येतें. हवेच्या बाबतींत तसा कांहींच अधिकार त्याच्या हातीं राहत नाहीं. जागेपणीं आणि झोपेंत, मिनिटाला बारा ते सोळा वेळां, जी हवा नाकासमोर असेल ती त्याला घ्यावीच लागते. एवढी मोठी देवघेव असूनहि हवेनें मनुष्य मरतो, ही गोष्ट मान्य व्हावयास जगाला फार काळ लागला. पटकीनें मेलेला मनुष्य पटकीनें मेला असें सर्वजण म्हणतात. साप चावून कोणी मेला तर सापाचें नांव निघतें. दूषित हवेनें मेलेल्याच्या दाखल्यावर मात्र ब्राँकायटिस, न्यूमोनिया किंवा हृदयविकार असेंच लिहिलेलें असतें. हवेचें नांव तेथें सहसा येत नाहीं. तें नांव पुढें कसें आलें याची हकीकत लंडन शहराच्या इतिहासांत आहे, आणि मुंबई-पुण्याच्या माणसांनीं ती लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे.

लंडनच्या चुलींत दगडी कोळसा जळूं लागला त्याला सातशें वर्षें होऊन गेलीं. त्याच्या धुराविषयींची कुरकुरहि तितकीच जुनी आहे. १६६१ सालीं जॉन एव्हलिन नांवाच्या विद्वान गृहस्थानें 'फ्युमिफ्युजियम' हें पुस्तक लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला सादर केलें. धूर ओकणारे धंदे शहराबाहेर न्यावे आणि शहराभोवतीं सुवासिक फुलझाडें लावावीं, अशी सूचना त्यांत होती. पुस्तकाची वाहवा झाली. धूर होता तसाच राहिला. परंतु त्याहूनहि महत्त्वाचें काम लगेच दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १६६२ सालीं, जॉन ग्राँट नांवाच्या एका व्यापाऱ्यानें केलें. लंडनमधील चर्चचे कारकून दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापून काढीत. लोक त्या चाळीत आणि टाकून देत. ग्राँटनें त्या जमा केल्या, बेरजा मांडल्या, आणि शहर खेड्यापाड्यांपेक्षां अधिक रोगट कां याचीं कारणें शोधतांना कोळशाच्या धुराकडे बोट दाखविलें. आंकड्यांवरून रोगाचा माग काढण्याची विद्या येथूनच सुरू झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरीहि पुढें जवळजवळ तीनशें वर्षें लंडनकरांनीं त्या धुराला आपल्या शहराचें एक भूषणच मानलें. चित्रकारांनीं तो रंगविला, कादंबरीकारांनीं तो वर्णिला. १९०५ च्या सुमारास धूर आणि धुकें यांचे इंग्रजी शब्द जोडून एका डॉक्टरानें त्याला नवें नांव दिलें. मराठींत त्यालाच 'धुरकें' म्हणतात. पूर्वसूचना मिळाली नव्हती असेंहि नाहीं. डिसेंबर १९३० मध्यें बेल्जममधील म्यूज नदीच्या खोऱ्यांत कारखान्यांचा धूर थंड हवेंत कोंडून सुमारें साठ माणसें दगावलीं. त्या घटनेचा अभ्यास करणाऱ्या एका बेल्जियन डॉक्टरानें १९३६ सालीं त्रैराशिक मांडून लिहून ठेवलें कीं, असाच प्रसंग लंडनवर आला तर सुमारें ३,२०० माणसें मरतील. पुढें ऑक्टोबर १९४८ मध्यें अमेरिकेंतील डोनोरा या छोट्या गांवीं तसाच प्रसंग येऊन वीस जण गेले. लंडनमध्यें कोणाची झोप त्यामुळें मोडली नाहीं.

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२ रोजीं लंडनवर धुकें दाटलें. थंडी कडाक्याची होती. वारा मुळींच नव्हता. लक्षावधि घरांत शेगड्या पेटल्या होत्या. युद्धानंतरच्या ओढाताणीचा तो काळ. चांगला कोळसा परदेशीं विकला जाई आणि घरगुती वापराला धूळमिश्रित, हलक्या प्रतीचा कोळसा मिळे. शहरांतच वीज निर्माण करणारीं केंद्रें होतीं. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या त्याच वर्षीच्या जुलै महिन्यांत कायमच्या बंद करून त्यांच्या जागीं डीझेलच्या बसगाड्या आणल्या होत्या. एरवीं जमिनीलगतची हवा उबदार असते. ती हलकी होऊन वर चढते आणि धूर आपल्याबरोबर घेऊन जाते. परंतु निरभ्र, निवांत अशा हिवाळी रात्रीं जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते, आणि उबदार हवेचा थर तिच्या डोक्यावर झांकणासारखा बसतो. मग खालचा धूर खालींच कोंडतो. ब्रिटिश हवामानखात्याच्या हिशेबाप्रमाणें त्या दिवसांत रोज सुमारें १,००० टन धुराचे कण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड, म्हणजे जळत्या गंधकाच्या वासाचा तो घशाला झोंबणारा वायु, या झांकणाखालीं सोडले जात होते.

पांच दिवस ही स्थिति टिकली. हीथ्रो विमानतळावर जवळजवळ अठ्ठेचाळीस तास दहा मीटरच्या पलीकडचें दिसत नव्हतें. नदीकांठच्या कांहीं वस्त्यांत माणसाला स्वतःचे पाय दिसत नसत. बसच्या पुढें कंडक्टर दिवा घेऊन चालत; पुढें पुढें बसगाड्याहि बंद पडल्या आणि केवळ भुयारी रेल्वे तेवढी चालू राहिली. रुग्णवाहिका थांबल्यामुळें धापा टाकणारे रोगी पायीं चालत इस्पितळ गांठूं लागले. सोमवारीं रात्रीं सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत चाललेला संगीत नाटकाचा प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. धुरकें आंत शिरून प्रेक्षकांना रंगभूमि दिसेनाशी झाली होती.

अर्ल्स कोर्ट येथें त्याच सुमारास गुरांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथील कांहीं जातिवंत गुरें धापा टाकूं लागलीं आणि त्यांपैकीं कांहीं दगावलीं. मौज अशी कीं, ज्या बक्षीसपात्र गुरांखालचा पेंढा वारंवार बदलला जात होता त्यांनाच अधिक त्रास झाला. ज्यांच्या गोठ्याची फारशी निगा राखली गेली नव्हती तीं बचावलीं. गोमूत्रांतून निघणाऱ्या अमोनियानें हवेंतील आम्लाचा जोर मोडला असावा, असा तर्क पुढें मांडण्यांत आला. लंडनच्या वर्तमानपत्रांत गुरांच्या मरणाची बातमी ठळकपणें आली. माणसांच्या मरणाची बातमी मात्र त्या दिवशीं कोणालाच ठाऊक नव्हती, कारण माणसें आपापल्या घरीं, आपापल्या अंथरुणांत, एकेकटीं मरत होतीं.

त्या माणसांच्या शरीरांत काय घडत होतें तें समजण्यासाठीं फुप्फुसांची रचना थोडी पाहिली पाहिजे. नाकांतील केस व ओलसर अस्तर धुळीचे मोठे कण अडवितात. त्यांतून निसटलेले कण श्वासनलिकेच्या भिंतीवरील चिकट द्रवांत अडकतात, आणि तेथील अतिसूक्ष्म रोम शेतांतील कणसांप्रमाणें एका दिशेनें डुलत तो द्रव घशाकडे ढकलीत राहतात. खोकून अगर गिळून मनुष्य त्यांतून मोकळा होतो. परंतु अडीच मायक्रॉनहून लहान कण या दोन्ही पहाऱ्यांतून पार होतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारें सत्तर मायक्रॉन असते. म्हणजे असे सत्तावीस-अठ्ठावीस कण ओळीनें मांडावे तेव्हां केसाची जाडी भरेल. हे कण श्वासनलिकेच्या अखेरच्या टोकांना असलेल्या हवेच्या बुडबुड्यांसारख्या कोशांपर्यंत पोंचतात. तेथें हवा आणि रक्त यांच्यामध्यें फुलाच्या पाकळीहूनहि पातळ असा पडदा असतो. तेथील भक्षक पेशी कण गिळून टाकण्याचा प्रयत्न करतात, परंतु कणांचा मारा सतत चालू राहिला म्हणजे त्याच पेशींमधून दाह उत्पन्न करणारे पदार्थ बाहेर पडतात. सल्फर डायऑक्साइड एकटा असता तर बहुतेक नाकांत व घशांतच विरघळून राहिला असता. धुक्याच्या थेंबांत त्याचें गंधकाम्ल झालें आणि काजळीच्या पाठीवर बसून तें खोलवर गेलें. तें तसें कसें होतें, याचा एक भाग २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं उलगडला: कोळसा जळतांनाच निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड या कामीं मदत करतो. अशा हवेनें श्वासनलिका आकुंचन पावते, तिचें अस्तर सुजतें, चिकट द्रवाचें प्रमाण वाढतें. रक्ताला प्राणवायु पुरेसा मिळत नाहीं आणि तो मिळविण्याच्या धडपडींत हृदय थकून जातें. निरोगी तरुण मनुष्य खोकतो, डोळे पुसतो आणि सावरतो. ज्याचीं फुप्फुसें किंवा हृदय आधींच दुबळें, त्याच्याजवळ खर्चावयाला शिल्लक नसते. वृद्ध आणि तान्हीं मुलें यांत अधिक गेलीं तीं यामुळें.

मंगळवारीं, ९ डिसेंबरला, वारा सुटला आणि धुरकें विरून गेलें. लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. नाताळच्या तयारीला लागले. शवपेट्या आणि फुलें यांचा तुटवडा पडला, एवढीच काय ती कुजबुज. खरी गोष्ट उघडकीस आली ती कागदावर. मृत्यूंच्या नोंदणीचें जें सरकारी कार्यालय होतें त्याच्या वैद्यकीय आंकडेशास्त्रज्ञानें आठवड्यांच्या बेरजा शेजारीं शेजारीं मांडल्या. ६ डिसेंबर रोजीं संपलेल्या आठवड्यांत बृहद्‌ लंडनमध्यें २,०६२ मृत्यूंची नोंद झाली होती. १३ डिसेंबर रोजीं संपलेल्या आठवड्यांत ती ४,७०३ वर गेली. नुसत्या ब्राँकायटिसनें झालेले मृत्यु मध्य लंडनच्या भागांत एका आठवड्यांत नऊपटींच्या वर गेले. १८५४ ची पटकीची साथ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा अशा प्रसंगांशींच या मृत्युसंख्येची तुलना करावी लागली. सुमारें ४,००० माणसें धुरक्यानें गेलीं, असा निष्कर्ष निघाला. बेल्जियन डॉक्टराचें त्रैराशिक चुकलें होतें तें कमी पडण्याच्या बाजूनें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. धुरकें गेल्यावरहि मृत्यु लगेच पूर्वपदावर आले नाहींत; मार्चपर्यंत ते चढेच राहिले. सरकारनें त्यांचा दोष इन्फ्लुएंझाच्या माथीं मारला, आणि पुष्कळ वर्षें तेंच खरें मानलें गेलें. २००१ सालीं त्या जुन्या नोंदी पुन्हां तपासण्यांत आल्या तेव्हां असें दिसलें कीं, इन्फ्लुएंझाची साथ तेवढा मोठा आंकडा पेलूं शकत नाहीं. खरी संख्या १२,००० च्या आसपास असावी. एखादी साथ जवळ उभी असली म्हणजे हवेचा गुन्हा तिच्या खात्यावर घालणें किती सोपें जातें, याचें हें उदाहरण आहे.

सरकारची हालचाल सावकाशच झाली. पुढच्या हिवाळ्यांत रोग्यांना तोंडावर बांधावयाचे जाळीचे पट्टे देण्यांत आले. त्यांचा उपयोग मनाच्या समाधानापुरता होता. पार्लमेंटांत प्रश्नांची सरबत्ती झाल्यावर १९५३ सालीं सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. (जगांतील विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेसच्या प्रसिद्ध पुस्तकाची कल्पना याच गृहस्थांची!) समितीनें धुरामुळें होणारें नुकसान पौंडांत मांडून दाखविलें, आणि १९५६ सालीं शुद्ध हवेचा कायदा झाला. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, कारखान्याच्या धुराड्याबरोबरच तो गृहस्थाच्या शेगडीपर्यंत गेला. ठराविक भागांत धूर न करणारें इंधनच जाळावें असें ठरलें, आणि शेगड्या बदलण्याच्या खर्चांत सरकारनें वांटा उचलला. फळ लगेच मिळालें नाहीं. डिसेंबर १९६२ मध्यें पुन्हां एकदां धुरकें कोंडलें व शेंकडों लोक दगावले. परंतु त्यानंतर तसा प्रसंग लंडनवर आला नाहीं.

धुरक्याची बाकी मात्र तेथेंच मिटली नव्हती. १९५२ च्या त्या पांच दिवसांत जीं मुलें लंडनमध्यें वर्षाच्या आंतलीं होतीं, त्यांच्या प्रकृतीची माहिती पुढें साठ वर्षांनीं अभ्यासकांनीं तपासली. त्यांच्यांत बालपणीं दम्याचें प्रमाण इतरांपेक्षां ठळकपणें अधिक होतें. पांच दिवसांच्या हवेची खूण अशी आयुष्यभर राहिली. आणि कोळसा गेला तरी डोळ्यांना न दिसणारा धूर लंडनच्या रस्त्यांवर मोटारगाड्यांतून येतच राहिला. २०१३ सालीं आग्नेय लंडनमधील एका वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी दम्यानें वारली. तिच्या आईनें पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्यें मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें तिच्या मृत्यूच्या कारणांत प्रदूषित हवेचा उल्लेख केला. ब्रिटनमध्यें व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत असें नांव लागण्याचा हा पहिला प्रसंग. ग्राँटनें याद्या चाळल्या त्याला तोंवर साडेतीनशें वर्षें उलटून गेलीं होतीं.

मुंबईचा संबंध यांत जुना आहे. गिरण्यांचीं धुराडीं वाढलीं तेव्हां १९१२ सालीं येथेंहि धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. अर्थात्‌ तो भट्ट्यांच्या दिसणाऱ्या धुरापुरता होता. रोग्यांकडून हवेकडे जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७० नंतरच्या दशकांत परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. एस्. आर्. कामत व त्यांचे सहकारी यांनीं केला. लालबाग, चेंबूर आणि खार या तीन वस्त्या आणि तुलनेसाठीं एक ग्रामीण भाग निवडून चार हजारांहून अधिक माणसांची त्यांनीं तीन वर्षें पाहणी केली. धाप, खोकला व वारंवार होणारी सर्दी यांचें प्रमाण शहरांत ग्रामीण भागापेक्षां अधिक निघालें. चेंबूरला लोक 'गॅस चेंबर' म्हणत, ती नुसती थट्टा नव्हती.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचीं धुराडीं एकामागून एक थंड पडलीं. आतां धुराड्याकडे बोट दाखवून मोकळें होतां येत नाहीं. मोटारींचा धूर, रस्त्यांवरील धूळ, बांधकामांची माती, कारखाने, कचऱ्याच्या पेटविलेल्या ढिगांचा धूर, बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्या असे कितीतरी वांटेकरी आहेत, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचा वांटा मोठा असल्याचें सांगतो. मुंबईला समुद्राचा वारा हें मोठें वरदान आहे खरें; पण हिवाळ्यांत तो उशिरां सुटतो, आणि पहांटे तेंच झांकण मुंबईवरहि बसतें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीं वरळीहून वांद्र्याकडे पाहिलें असेल त्यांना तें ओळखतां येईल. पुण्यालाहि डोंगरांच्या खोलगटांत हीच तऱ्हा आहे.

हवा मोजण्याचीं यंत्रें आतां शहरांत आहेत, आणि निर्देशांकहि रोज प्रसिद्ध होतो. परंतु तो आंकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो, हें ध्यानांत असावें. सकाळीं सात वाजतां दिसणाऱ्या आंकड्यांत आदल्या दिवसाचा मोठा भाग असतो. शिवाय कोणती हवा चांगली म्हणावी यावरहि एकमत नाहीं. अडीच मायक्रॉनहून लहान कणांचें वर्षभराचें सरासरी प्रमाण एका घनमीटर हवेंत ५ मायक्रोग्रॅमच्या वर असूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलें. भारतानें २००९ सालीं घातलेली मर्यादा ४० ची आहे. देश बदलला म्हणून फुप्फुसांना आठपट सहनशक्ति येत नाहीं. त्याहूनहि मोठी उणीव नोंदवहीची आहे. भारतांत नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकीं डॉक्टरांनीं कारण प्रमाणित केलेले मृत्यु २०२० सालच्या सरकारी अहवालांत पाव हिश्श्याहूनहि कमी होते. लंडनच्या आंकडेशास्त्रज्ञापुढें ज्या बेरजा आठवड्या-आठवड्याला तयार होऊन येत होत्या, तशा बेरजा येथें मांडावयाच्या तर कागदच अपुरा आहे.

हवा सुधारली तर फुप्फुसें सुधारतात का, या प्रश्नाचें उत्तर मात्र उत्साहवर्धक आहे. अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियांत दहा ते अठरा वर्षांच्या मुलांची वर्षानुवर्षें पाहणी झाली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दूषित हवेच्या गांवांत फुप्फुसांची वाढ खुंटलेली आढळली. तेथील हवा पुढें निवळत गेली, आणि २०१५ च्या निष्कर्षांत नंतरच्या पिढीच्या मुलांचीं फुप्फुसें अधिक चांगलीं वाढलेलीं दिसलीं.

घरापुरतें जें करतां येतें तें थोडें आहे. हिवाळ्यांत दम्याच्या अगर हृदयविकाराच्या माणसानें पहांटेचें फिरणें ऊन वर येईपर्यंत लांबवावें; नाकावर रुमाल बांधल्यानें सूक्ष्म कण अडत नाहींत, त्यासाठीं एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखपट्टा लागतो; डॉक्टरांनीं नेहमीं घ्यावयास सांगितलेलें औषध बरें वाटूं लागलें म्हणून सोडूं नये. आणि घरांत कोणाला दमा असेल तर औषधाच्या दुकानांत पीक फ्लो मीटर नांवाची एक साधी नळी मिळते. तींत सकाळीं आणि संध्याकाळीं जोरानें फुंकून तिच्यावर येणारा आंकडा वहींत तारीखवार लिहावा, आणि शेजारीं त्या दिवसाचा हवेचा निर्देशांक लिहावा. पुढच्या भेटीच्या वेळीं ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी.